इंदूरच्या मे महिन्यात टिकणारा ओव्हरक्लॉक: फ्लाइट सिम्युलेटरसाठी

फ्लाइट सिम्युलेटर अडखळायला लागला की बहुतेक जण ग्राफिक्स कार्डासाठी पैसे जमवायला लागतात. नवं कार्ड येतं, ढग देखणे दिसतात, आणि मुंबईत उतरताना चित्र पुन्हा धक्के खात पुढे सरकतं. कारण अडथळा प्रोसेसरमध्ये असतो, आणि तोही बहुधा एकाच कोअरवर (प्रोसेसरमध्ये स्वतंत्रपणे काम करणारे असे अनेक भाग असतात). विमानाचं उड्डाण, कॉकपिटमधल्या यंत्रणा, हवामान, आजूबाजूची विमानं, खाली दिसणाऱ्या इमारतींची यादी, हे सगळं एका मुख्य थ्रेडला, म्हणजे कामांच्या एकाच साखळीला, ओळीने उरकावं लागतं. बाकीचे कोअर हातभार लावतात, पण मुख्य थ्रेडचं काम संपेपर्यंत पुढची फ्रेम, म्हणजे पुढचं चित्र, कार्डाकडे जातच नाही. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर जेमतेम ३०-४० टक्के वापरात दिसतो आणि तरीही सिम अडतो, त्याचं कारण हेच. म्हणून इथे ओव्हरक्लॉकची, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची, पद्धत सांगते.

आमच्याकडे सिम चालवतात माझे सासरे, अण्णा. दिवेलागण झाली की इंदूरच्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून एअरबस ए३२० घेऊन निघतात आणि तासाभरात मुंबई गाठतात. मी पीथमपूरला एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशन बघते, त्यामुळे मोजायचं काम माझ्याकडे आलं. "अगं, धावपट्टी समोर दिसली की हे थरथरायला लागतं. उतरवायचं कसं?" ही त्यांची तक्रार होती, आणि ती अगदी नेमकी होती. वर ३५ हजार फुटांवर सगळं गुळगुळीत, खाली शहर जवळ आलं की धक्के. मुख्य थ्रेडवर भार वाढल्याचं हे सरळ लक्षण.

यंत्र असं आहे: इंटेल कोअर आय५-१२६००के, झेड६९० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४ ३६०० रॅमची १६ जीबीची दोन मॉड्यूल, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसरवर एका पंख्याचा टॉवर कूलर, ६० हर्ट्झचा मॉनिटर. सिम म्हणजे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२०. खालचे आकडे या यंत्रावरचे आहेत. तुमचे वेगळे येतील, पद्धत मात्र हीच वापरा.

आधी अडथळा कुठे आहे ते बघा

सिमच्या जनरल ऑप्शन्समध्ये डेव्हलपर मोड चालू करा. वर एक पट्टी येते, तिच्यातून एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) दाखवण्याचा पर्याय निवडा. कोपऱ्यात छोटा तक्ता उघडतो. त्यात 'लिमिटेड बाय मेनथ्रेड' असं दिसत असेल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. 'लिमिटेड बाय जीपीयू' (म्हणजे अडथळा ग्राफिक्स कार्डात) दिसत असेल तर प्रोसेसर कितीही पळवा, काही हाती लागणार नाही. रिझोल्यूशन, ढग आणि सावल्या कमी करा. एक्स-प्लेन हा दुसरा सिम वापरणाऱ्यांनी डेटा आउटपुटमध्ये फ्रेम रेटची पहिलीच ओळ चालू करावी. तिथे प्रोसेसरचा वेळ आणि कार्डाचा वेळ वेगवेगळा मिळतो. जो मोठा, तो अडथळा.

एफपीएसपेक्षा मिलिसेकंद वाचायची सवय लावा. तक्त्यात मेनथ्रेडसमोर जो आकडा असतो, तो एका फ्रेमसाठी मुख्य थ्रेडला लागलेला वेळ. आमच्याकडे मुंबईच्या जवळ तो ४१ च्या आसपास होता, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम.

मोजमाप नेहमी एकाच जागी, एकाच परिस्थितीत घ्यायचं. मी मुंबईच्या २७ नंबरच्या धावपट्टीसमोर, पाच मैलांवर, दुपारची वेळ, स्वच्छ हवामान, लाइव्ह ट्रॅफिक बंद, अशी एक फ्लाइट सेव्ह करून ठेवली. लाइव्ह ट्रॅफिक चालू ठेवलं तर आज दहा विमानं आणि उद्या तीस. मग तुलना कशाची करणार? फ्लाइट लोड झाल्यावर दोन मिनिटं थांबायचं, कारण सुरुवातीला इमारती उतरत असतात, आणि मग मिनिटभर कॅपफ्रेमएक्स या मोफत प्रोग्रामने नोंद घ्यायची. सरासरीसोबत त्यात सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा आकडाही येतो. अण्णांना जाणवणारे धक्के त्या दुसऱ्या आकड्यात दिसतात.

एका वेळी एकच बदल करायचा आणि वहीत लिहायचा. तारीख, खोलीचं तापमान, बदल, आकडा. खोलीचं तापमान का लिहायचं ते पुढे येईल, पण ते आजपासूनच लिहा.

रॅम तपासा

ओव्हरक्लॉकला हात लावण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग बघा. आमचं यंत्र आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमधल्या एका दुकानात जोडून घेतलं होतं. डब्यावर ३६०० लिहिलेली रॅम २१३३ वर चालत होती. असं घरोघरी दिसतं. डीडीआर४ मॉड्यूल नवीन बसवलं की बोर्ड त्याला सुरक्षित मूळ वेगाने चालवतो. डब्यावरचा वेग हवा असेल तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी बोर्डाची सेटिंग्ज) जाऊन एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे रॅमच्या डब्यावरच्या वेगाची तयार सेटिंग, स्वतः चालू करावं लागतं. एएमडीच्या काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात, डीडीआर५ वर एक्स्पो.

एक्सएमपी चालू केल्यावर बाराव्या पिढीच्या इंटेलवर 'गिअर १' लागलाय ना हेही बघा. गिअर २ मध्ये मेमरी कंट्रोलर रॅमच्या निम्म्या वेगाने चालतो आणि सिमला लागणारा झटपट प्रतिसाद कमी होतो. दोन मॉड्यूल असतील तर ती बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांमध्येच हवीत. बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी.

एवढ्यानेच ४१ चे ३७ मिलिसेकंद झाले. पैसा शून्य, उष्णता जवळपास तेवढीच. नंतर पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ घालून रात्रभर चालू द्या. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात. एक जरी चूक लाल अक्षरात आली तरी रॅमचा वेग एक पायरी खाली घ्या. रॅम खात्रीची नसताना प्रोसेसरला हात लावला तर पुढे कुठलाही क्रॅश कोणाच्या नावावर लिहायचा तेच कळत नाही.

सिममधल्या सेटिंग्जवरही याच टप्प्यात एक हात फिरवा. मुख्य थ्रेडला जड पडतात ती मुख्यतः टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (जमीन आणि इमारती किती दूरपर्यंत बारकाईने दिसतात), विमानतळावरची वाहनं आणि माणसं, एआय ट्रॅफिक, आणि ग्लास कॉकपिटचा (कॉकपिटमधल्या डिजिटल पडद्यांचा) रिफ्रेश रेट. टेरेन २०० वरून १५० वर आणला आणि विमानतळावरची गर्दी निम्मी केली, तेव्हा आमचा आकडा ३५ वर आला. दादरच्या इमारती किंचित उशिरा उभ्या राहतात, पण उतरताना नजर धावपट्टीवर असते, तिकडे कोणी बघत नाही.

३३.३ ची रेघ

आता ३५ मिलिसेकंद म्हणजे साधारण २८.६ एफपीएस. यात अजून दोन-तीन फ्रेमसाठी एवढा खटाटोप कशाला, असं कोणीही विचारेल. उत्तर मॉनिटरमध्ये आहे. ६० हर्ट्झचा पडदा दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र घेतो. फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांच्या आत तयार झाली तर ती दर दुसऱ्या फेरीला हजर असते आणि ३० ची लय एकसारखी राहते. तीच फ्रेम ३५ ला तयार झाली तर दुसरी फेरी हुकते, तिसरीची, म्हणजे ५० मिलिसेकंदांची वाट बघावी लागते. एक फ्रेम वेळेवर, पुढची उशिरा, असं चालू राहतं, आणि डोळ्यांना थरथर जाणवते. अण्णा ज्याला थरथर म्हणत होते ती हीच. म्हणून आमचं ध्येय एकदम बारीक होतं: सगळ्यात अवघड जागी मुख्य थ्रेड ३३.३ च्या खाली आणायचा, सिममध्ये व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या फेरीशी जुळवणारी सेटिंग) चालू करून मर्यादा ३० ला बांधायची आणि तिथे थांबायचं. तुमचा मॉनिटर वेगळा असेल तर तुमची रेघ वेगळी. पण रेघ आधी ठरवा. ती न ठरवता ओव्हरक्लॉक करणारा माणूस नुसता गिगाहर्ट्झ मोजत बसतो.

प्रोसेसर नक्की किती पळतो ते आधी पाहा

१२६००के च्या डब्यावर ४.९ गिगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. तो वेग एक-दोन कोअरच जागे असतानाचा. सिम चालू असताना वेग आणि तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो६४ प्रोग्राम उघडून पाहिलं तर सहाही मोठे कोअर जागे होते आणि वेग ४.५ वर बसला होता. मुख्य थ्रेड एकट्याने राबत असला तरी आजूबाजूला इतर कोअर छोटी-मोठी कामं करत असतात, त्यामुळे त्याला ४.९ मिळतच नाही. माझ्या मते फ्लाइट सिमसाठी ओव्हरक्लॉकिंगचा खरा फायदा इथे आहे. शिखर उंचावण्यापेक्षा सगळे कोअर जागे असतानाची ही घसरण थांबवायची. सगळे मोठे कोअर ५.० वर बांधले की ४.५ च्या तुलनेत ११ टक्के वाढ मिळते, आणि ३५ चे ३१.५ होण्याची शक्यता तयार होते. प्रत्यक्षात थोडं कमी मिळतं, कारण रॅमची वाट बघण्यात गेलेला वेळ क्लॉकने कमी होत नाही.

ही सोय 'के' अक्षर असलेल्या इंटेल प्रोसेसरवर आणि झेड मालिकेच्या बोर्डावरच मिळते. बी६६० सारख्या बोर्डावर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा रेशो (बेस क्लॉकला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) वाढवता येत नाही.

बायोसमध्ये

कॅबिनेट सुरू करताना डिलीट दाबत राहा, बायोस उघडेल. सुरुवातीलाच आहे त्या प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा. आता क्रमाने:

बोर्डाने स्वतःहून चालू केलेलं 'मल्टीकोअर एन्हान्समेंट' किंवा तत्सम काही असेल ते बंद करा. त्यात पॉवरच्या मर्यादा गुपचूप काढून टाकलेल्या असतात आणि व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त दिलेलं असतं. पॉवर लिमिट इंटेलच्या आकड्यावर आणा; १२६००के साठी दोन्ही मर्यादा १५० वॉट. तापमानाची मर्यादा ९० वर ठेवा. प्रोसेसर स्वतः १०० अंशांवर वेग तोडतो, पण तिथपर्यंत जाऊच नये.

बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ आहे तसाच राहू द्या. पी-कोअर (मोठे कोअर) रेशो 'सिंक ऑल' करून ४८ घाला, म्हणजे ४.८ गिगाहर्ट्झ. ई-कोअर (छोटे कोअर) आणि रिंगचा (कोअरना जोडणाऱ्या मार्गाचा) रेशो ऑटोवर. व्होल्टेज 'अडॅप्टिव्ह' मोडमध्ये १.२० पासून सुरू करा. 'मॅन्युअल' किंवा 'फिक्स्ड' मोड निवडू नका. त्यात अण्णा पेपर वाचत असतानासुद्धा प्रोसेसरला पूर्ण दाब मिळत राहतो.

लोड-लाइन कॅलिब्रेशन मधल्या पायरीवर. भार आला की व्होल्टेज थोडं खाली बसतं, ते किती बसू द्यायचं हे या सेटिंगने ठरतं. काही कंपन्यांच्या बोर्डावर मोठा आकडा म्हणजे जास्त जोर, काहींवर नेमकं उलट. शेजारी आलेख दाखवलेला असतो, तो बघूनच निवडा. सगळ्यात जोरदार पायरी कधीच घेऊ नका. भार अचानक सुटला की त्या पायरीवर व्होल्टेज क्षणभर वर उसळतं, आणि ती उसळी एचडब्ल्यूइन्फोला दिसतही नाही.

सेव्ह करा, विंडोज उघडा, सगळ्या कोअरवर पूर्ण भार टाकणारा सिनेबेंच आर२३ प्रोग्राम दहा मिनिटं चालवा. टिकलं तर रेशो ४९, मग ५०. अडलं, निळा स्क्रीन आला किंवा प्रोग्राम आपोआप बंद झाला, तर व्होल्टेज ०.०१ ने वाढवा आणि पुन्हा. १.३० च्या वर जायची वेळ आली तर समजा की तुमच्या चिपची ऐपत संपली. एक रेशो खाली या. एकाच डब्यातल्या दोन चिप सारख्या निघत नाहीत, त्यामुळे दुसऱ्याचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. आमची चिप ५.० ला १.२५ वर स्थिर झाली.

पुढे ५.२ चा मोह होतो. तेव्हा हा हिशोब करा. चिपमधली उष्णता वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५.० साठी १.२५ आणि ५.२ साठी १.३६ लागत असेल, तर वेग वाढला ४ टक्के आणि उष्णता १.०४ गुणिले १.१८, म्हणजे जवळपास २३ टक्के. सिममध्ये या ४ टक्क्यांचा अर्थ एक फ्रेम.

बायोस पुन्हा उघडलाच नाही, पडदा काळा राहिला, तर घाबरू नका. मुख्य बटण बंद करून वायर काढा, बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल पाचेक मिनिटं बाहेर ठेवा किंवा क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने जोडा. सगळं मूळ पदावर येतं.

मे महिन्याचा हिशोब

इंदूरमध्ये जानेवारीच्या रात्री १० अंश असतात आणि मे महिन्यात दुपारी बाहेर ४२. इतर ठिकाणच्या मार्गदर्शकांमध्ये '७५ अंश म्हणजे उत्तम' असं लिहिलेलं असतं. पण कुठल्या खोलीत? प्रोसेसरवर बसवलेला हवेचा कूलर त्याला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली जितकी तापते, साधारण तितकाच प्रोसेसरही तापतो. म्हणून वहीत प्रोसेसरच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करून उरलेला फरक लिहायचा. सिनेबेंचमध्ये खोली २४, प्रोसेसर ७६, फरक ५२. हा फरक वर्षभर जवळपास टिकतो. आता मे महिन्यातली आमची वरच्या मजल्यावरची खोली धरा, दुपारी ३८. त्यात ५२ मिळवा: ९०. अगदी मर्यादेवर. जानेवारीत ५.२ लावून ८० अंश बघितले आणि खूश झालं, तर मे महिन्यात तेच यंत्र वेग तोडायला लागेल, आणि नेमकी थरथर परत येईल.

सिममध्ये प्रोसेसर एवढा तापत नाही. सिनेबेंचला १५० वॉट खाणारा प्रोसेसर सिममध्ये ८०-९० वॉटवर असतो आणि फरक ३० च्या आसपास राहतो. म्हणजे मे महिन्यातही ६८-७०. तरीही सगळ्यात वाईट भार धरूनच आकडा ठरवावा, कारण फ्लाइट लोड होताना, शेडर तयार होताना, अपडेट उलगडताना सगळे कोअर एकदम पेटतात.

आम्ही बायोसमध्ये दोन प्रोफाइल सेव्ह केली आहेत. एक हिवाळ्याचं, ५.० आणि १.२५. दुसरं उन्हाळ्याचं, ४.९ आणि १.२० च्या किंचित वर. होळी झाली की उन्हाळ्याचं लावायचं, पावसाळा नीट बसला की परत. दोन्हींत मुख्य थ्रेड ३३.३ च्या खालीच राहतो, उन्हाळ्यात थोडा काठावर. बायोस अपडेट केला की ही प्रोफाइल बहुधा पुसली जातात, त्यामुळे फोटो जपून ठेवा.

खिडकीतला पाण्याचा कूलर कोरड्या मे महिन्यात खोली खरोखर पाच-सात अंशांनी उतरवतो, त्याचा फायदा घ्या. पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. बारीक तुषार आणि बोअरच्या पाण्यातले क्षार हवेबरोबर आत जातात आणि हीटसिंकच्या पात्यांवर पांढरा थर बसतो. पाऊस सुरू झाला की तो कूलर नुसती ओल वाढवतो, तेव्हा साधा पंखा बरा. कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढे ओढा, मागून बाहेर पडलेली गरम हवा पुन्हा आत शिरता कामा नये.

धूळ हा आपल्या गावचा नेहमीचा विषय. दिवाळीच्या आणि होळीच्या साफसफाईत कॅबिनेटचाही नंबर लावा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. फरकाचा आकडा ५२ वरून ५८ वर गेला तर एकतर धूळ साचली आहे किंवा प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट सुकली आहे. वहीचा हा सगळ्यात मोठा उपयोग: नुसतं तापमान बघून ऋतू बदलला की यंत्र बिघडलं ते सांगता येत नाही, फरकावरून सांगता येतं. जुना कूलर नव्या एलजीए१७०० सॉकेटवर बसवत असाल तर त्याचं नवं ब्रॅकेट मागून घ्या. भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटरवरून ७८ झालं आहे. ओढूनताणून बसवलेला कूलर प्रोसेसरवर सपाट टेकत नाही.

टिकतंय की नाही

सिनेबेंच दहा मिनिटं चाललं म्हणजे काम झालं असं नाही. मी अर्धा तास सिनेबेंच, मग तासभर ओसीसीटी हा चाचणीचा प्रोग्राम, आणि त्यानंतर दोन-तीन तासांची खरी फ्लाइट, अशा क्रमाने जाते. प्राइम९५ ची 'स्मॉल एफएफटी' चाचणी अनेकांना पवित्र वाटते. ती जो भार टाकते तो सिम आयुष्यात टाकत नाही, आणि तिच्यात पास होण्यासाठी उगाच व्होल्टेज वाढवावं लागतं. मी ती वापरत नाही. उलट सिमचा भार हलका पण सतत बदलता असतो, आणि काठावरचा ओव्हरक्लॉक अशा चढउतारातच घसरतो: दोन तास व्यवस्थित, आणि चाकं खाली सोडताना सगळं गायब, समोर डेस्कटॉप.

असं झालं तर दोष लगेच प्रोसेसरवर टाकू नका. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिमचं पान बघा. 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाची नोंद त्या वेळेला असेल तर चिपला व्होल्टेज कमी पडतंय किंवा रॅम डळमळीत आहे. सिम पडला नाही, फक्त अशी नोंद दिसली, तरी ती चूकच समजा. या वेळी प्रोसेसरने ती स्वतः सावरली, पुढच्या वेळी सावरेलच असं नाही. एचडब्ल्यूइन्फोच्या तळाशीही या चुकांची मोजणी असते. नोंद नसेल तर बायोस मूळ पदावर आणून तीच फ्लाइट पुन्हा उडवा. तरीही सिम पडला, तर गुन्हेगार एखादं अ‍ॅड-ऑन आहे. अ‍ॅड-ऑन जिथे असतात ते कम्युनिटी फोल्डर रिकामं करा आणि एकेक वस्तू परत टाकत जा.

या सगळ्यानंतर आमचा आकडा ३२ वर आला. थरथर गेली. अण्णा हल्ली आकडे विचारत नाहीत, वाऱ्याची दिशा विचारतात.

वीज

जुन्या वस्तीत, रामबागेसारख्या ठिकाणी, वायरिंग तपासल्याशिवाय हे काही करू नका. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. यूपीएसचाही हिशोब करा: प्रोसेसर १५०, कार्ड १७०, बाकी सगळं मिळून साठेक, म्हणजे पूर्ण भारात ३८० वॉट. दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटच्या आसपासच देतो. वीज गेली की तो किंचाळून बंद पडेल आणि तुम्ही ओव्हरक्लॉकला दोष द्याल. १००० व्हीए किंवा वरचा घ्या, आणि एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) चांगल्या प्रतीचा हवा. स्वस्त एसएमपीएसचं व्होल्टेज भाराखाली हलतं, मग बायोसमध्ये ०.०१ चे खेळ खेळण्यात अर्थ उरत नाही. ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं जात नाही, हेही खर्चाच्या बाजूला लिहून ठेवा.

तुमच्याकडे दुसरा प्रोसेसर असेल तर

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप चिप असणाऱ्यांनी रेशोला हात लावण्याआधी बायोस अपडेट करावा. या चिपना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून त्या कालांतराने डळमळीत होत होत्या. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (बायोसमधून चिपला मिळणारी दुरुस्ती) दिला, आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. या चिपवर मी वेग वाढवण्यापेक्षा व्होल्टेज उतरवायचा सल्ला देईन.

एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत रेशो बांधून टाकू नका, कारण त्याने एका कोअरची वरची झेप जाते आणि सिमला तीच हवी असते. 'प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह' चालू करा आणि 'कर्व्ह ऑप्टिमायझर' सगळ्या कोअरना उणे १० वर ठेवा. टिकलं तर उणे १५, उणे २०. इथे व्होल्टेज खाली येतं आणि वेग वर जातो, आपल्या हवामानाला हे फार सोयीचं. मात्र ही सेटिंग हलक्या भारात घसरते, त्यामुळे सिनेबेंचवर विसंबू नका. कोअरसायकलर नावाचा प्रोग्राम एकेका कोअरला वेगळं तपासतो, तो रात्रभर लावा. रॅम ३६०० असेल तर इन्फिनिटी फॅब्रिक (चिपचे भाग आणि रॅम यांना जोडणारा मार्ग) १८०० वर आहे ना तेही बघा.

एएमडीच्या एक्स३डी चिपांची गोष्ट वेगळी. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या ५८००एक्स३डी चा रेशो कुलूपबंद आहे, आणि त्याची गरजही नाही. ९६ एमबी एल३ कॅशमुळे मुख्य थ्रेडला लागणारा डेटा रॅमपर्यंत न जाता चिपमध्येच मिळतो, आणि क्लॉक वाढवून न सुटणारा तो रॅमची वाट बघण्याचा वेळच कापला जातो. फ्लाइट सिममध्ये या चिपा कमी गिगाहर्ट्झवरही जास्त क्लॉकच्या चिपांना मागे टाकतात. तुमच्याकडे एएम४ सॉकेटचा बोर्ड असेल, त्यावर जुना रायझन ५ असेल, आणि वरचं सगळं करूनही आकडा रेघेच्या वरच राहत असेल, तर भारी कूलरचे पैसे वाचवा आणि अशी चिप शोधा. मात्र जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बोर्डाचा बायोस अपडेट करून घ्या. जुन्या बायोसवर नवी चिप लावली की पंखे फिरतात, पण पडद्यावर काहीच येत नाही.